सावतोबांच्या मळ्यातली मिरची

दिवाळी अंकात खाण्यावर लिहायचे म्हणजे अनारसा तळताना का हसतो आणि चकली दुसऱ्या दिवशी का मऊ पडते यांवर लिहायचे, असा एक संकेत आहे. ते विषय अधिकारी हातांत सुरक्षित आहेत. माझा तिथे शिरकाव नाही. मला लिहायचे आहे ते हल्ली जिकडेतिकडे ऐकू येणाऱ्या एका उपदेशाबद्दल. ऋतूत जे पिकते तेच खा, झाडापाल्याचेच खा, मांसमच्छी तर सोडाच पण जमल्यास दूधतूपही टाका, आणि निसर्गाच्या जवळ राहायला शिका, असा तो उपदेश. उपदेश म्हणून त्यात वावगे काही नाही. आमच्या करकंबसारख्या गावात कोणी पाहुणा येऊन तो करू लागला तर मंडळी मान डोलावतात, चहा पाजतात आणि आपापल्या उसाला पाणी द्यायला जातात.

माझी तक्रार उपदेशाशी नाहीच. उपदेशाच्या बाजूने जे साक्षीदार उभे केले जातात, त्यांच्या जबान्या ज्या रीतीने वाचल्या जातात, तिच्याशी आहे. साक्षीदार ठरलेले आहेत : आयुर्वेद, आपले सणवार आणि आपले संत. "आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते," असे म्हणून या तिघांना पिंजऱ्यात उभे करायचे, त्यांच्याकडून दोन सोयीची वाक्ये वदवून घ्यायची आणि उलटतपासणी न होऊ देता खाली उतरवायचे, अशी ही पद्धत आहे. वाङ्मयाच्या वाचकाने निदान उलटतपासणीचा आग्रह धरावा.

आयुर्वेदाचे लवकर आटोपते. ऋतुचर्या ही कल्पना त्याचीच, यात शंका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात वर्षाचे सहा ऋतू घेऊन कोणत्या ऋतूत काय खावे, काय टाळावे हे नेमके सांगितले आहे. पण ते पूर्ण वाचावे. हेमंतात भूक प्रखर असते म्हणून चरक तेलातुपाने युक्त, आंबटखारट असे जे अन्न सांगतो, त्यात पाणथळ प्रदेशातल्या पुष्ट प्राण्यांचे मांस आहे. पावसाळ्यात जुने जव, गहू, तांदूळ यांच्याबरोबर जांगल प्राण्यांच्या मांसाचा रस आहे. ऋतू पाळणे आणि पाला खाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या वैद्याला ठाऊक होते. आपण त्या एकीत एक मिसळून टाकल्या.

सणांचे प्रकरण अधिक गोड आहे आणि म्हणून अधिक अवघड. दिवाळीचा पहिला दिवा वसुबारसेला लागतो. त्या दिवशी पुष्कळ घरांतल्या बायका गायीचे दूध, दही, तूप वर्ज्य करतात, गहू-मूग खात नाहीत, आणि संध्याकाळी गायवासराची पूजा करून बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी यांवर उपास सोडतात. इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी दूधही न घेणाऱ्यांची संस्था काढली. आमच्या आजीने तिचे सभासदत्व न घेता वर्षातून एक दिवस तेच व्रत केले, असे कोणी म्हटले तर ऐकायला बरे वाटते. पण त्या दिवशी दूध का नको, याचे उत्तर आजी निराळे देईल : आज ते वासराचे. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशीला तीच आजी त्याच गायीच्या दुधाची खीर करील. हा निसर्गाशी केलेला एका दिवसाचा हिशेब आहे, तत्त्वज्ञान नव्हे. मला तो हिशेब तत्त्वज्ञानापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, ही गोष्ट वेगळी.

गौरीगणपतीतली ऋषिपंचमी घ्या. बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही. म्हणून परसातला अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याचे कणीस यांची एकत्र भाजी करतात. ऋषीची भाजी म्हणून ती हल्ली शहरांतून फार वाखाणली जाते. ऋतूतल्या भाज्या, कमी तेल, मसाला नाही, शिवाय जनावराला विश्रांती! सगळे खरे, आणि भाजी लागतेही चवदार. पण या व्रताची कहाणी कोणी वाचून दाखवीत नाही. विटाळशी असताना भांड्यांना शिवली या दोषापायी बाई पुढल्या जन्मी कुत्री झाली, तिच्या विटाळाने नवरा बैल झाला, आणि मुलाने हे व्रत केल्यावर दोघांची सुटका झाली, अशी ती कहाणी आहे. बैलाची दया तिच्यात आहे, बाईची नाही. भाजी ठेवावी आणि कहाणी टाकावी असे म्हणणाऱ्याशी माझे भांडण नाही. बहुतेक घरांनी न बोलता तसे केलेलेही आहे. मात्र कहाणी नव्हतीच, पूर्वजांनी केवळ ऋतुमान ओळखून हे रचले होते, असे सांगू नये.

आणि एकादशी! पंढरपूर तालुक्यात राहून मी एकादशीविरुद्ध बोलावे हे शोभणार नाही. तरी ताटात डोकावल्याशिवाय राहवत नाही. साबुदाणा ज्या कंदाचा, तो टॅपिओका मुळात दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी इकडे आणला, आणि त्याचे दाणे पाडण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या बाजूला निघाले ते गेल्या शतकाच्या मध्यास. खिचडीतला शेंगदाणा अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, हिरवी मिरची अमेरिकेची. रताळे आणि राजगिराही तिकडचेच. आपल्याकडची म्हणावी अशी एक बिचारी भगर ताटाच्या कडेला असते, आणि "साबुदाणा संपला का हो?" असे विचारून मगच ती वाढून घेतली जाते. याचा अर्थ उपास खोटा असा नव्हे. आपल्या मातीतले, ऋतूतले, परंपरेचे ही तीन विशेषणे आपण एका दमात उच्चारतो. ती एकाच पदार्थाला लागू पडतील असा भरवसा नाही, इतकाच त्याचा अर्थ. ज्या जोंधळ्यावर सोलापूर जिल्हा शतकानुशतके जगला, तोसुद्धा फार फार पूर्वी आफ्रिकेतून आला आहे.

आता संत. या उपदेशासाठी सर्वांत अधिक राबवले जातात ते सावता माळी, आणि माझा खरा विषय तेच आहेत.

सावतोबा अरणचे. अरण माढे तालुक्यात, करकंब पंढरपूर तालुक्याच्या उत्तरेला. दोन्ही तालुक्यांची शिवे एकमेकांना लागलेली. म्हणजे त्यांची माती ती आमची माती, त्यांचा पाऊस तो आमचा पाऊस. त्यांचा काळ १२५० ते १२९५ असा मानतात. ज्ञानदेव-नामदेवांचे ते समकालीन. त्यांच्या नावावर अवघे ३७ अभंग आहेत आणि ते काशिबा गुरवाने लिहून ठेवले असे परंपरा सांगते. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, ही कथा घरोघर ठाऊक आहे. आणि आषाढ वद्यात त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपुराहून देवाची पालखी अरणला जाते, ती या कथेची साक्ष.

त्या ३७ अभंगांतला एक अभंग इतका प्रसिद्ध आहे की बाकीचे ३६ त्याच्या सावलीत गेले. भाजीपाल्यातच विठाई पाहणारा तो अभंग. मी तो इथे उतरवून घेत नाही. ज्याला पाठ नाही असा मराठी माणूस मिळणे कठीण. हल्ली तो सेंद्रिय भाजीच्या दुकानांच्या पाट्यांवर दिसतो, आहारावरच्या व्याख्यानांचा प्रारंभ त्याने होतो, आणि तो म्हणून झाल्यावर वक्ता म्हणतो, "पाहा, निसर्गावर केवढे हे प्रेम!"

मी हा अभंग पुष्कळदा वाचला आहे आणि त्यात मला निसर्ग सापडलेला नाही. त्यात डोंगर नाही, ढग नाही, पाखरू नाही, फूल नाही. आहे तो मळा. भाज्यांची नावे झाल्याबरोबर कवी काय मोजतो? विहीर मोजतो, तिच्यावरची मोट मोजतो, ती ओढणारा नाडा आणि दोर मोजतो. पंढरी व्यापून राहिली आहे ती या अवजारांतही. निसर्गप्रेमी कवी दोरखंडाकडे वळून पाहत नाही. ज्याचे हात त्या दोरखंडाने सोललेले आहेत, तोच तो मोजतो.

ज्या वाचकांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठी उतरती धाव; तिच्यावरून बैलांची जोडी खाली उतरू लागली की पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात रिती होई. तिथून पाटाने पाणी मळ्यात जाई. मळ्यात एक माणूस उभा. तो दारे धरी, म्हणजे एक वाफा भरला की खोऱ्याने मातीचा बांध फोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडी. बैल पुन्हा मागे चढत, मोट पुन्हा बुडे. सकाळपासून उन्हे चढेपर्यंत हेच. कोथिंबिरीचा एक वाफा उभा राहायचा तर त्यामागे बैलांच्या किती खेपा झाल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक.

इथे आपली गंमत सुरू होते. मोट चामड्याची. म्हणजे निव्वळ पाल्याचे जेवण ज्या मळ्यातून येते, तो मळा मेलेल्या जनावराच्या कातड्यावर आणि ते कमावणाऱ्या माणसाच्या हातावर उभा आहे. मोटेला बैल जुंपलेले. म्हणजे ऋषिपंचमीच्या ताटातून सावतोबांची प्रत्येक भाजी परत पाठवावी लागेल, कारण तिच्यात बैलाचा श्रम आहे. अभंगात कांदा आहे, लसूण आहे. म्हणजे आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून चार महिने कांदालसूण बंद करणाऱ्या घरात चातुर्मासभर सावतोबांच्या विठाईचा निम्मा देह दाराबाहेर उभा राहील! निसर्गाला जवळ करण्याचे दाखले म्हणून आपण व्रते आणि अभंग एकाच श्वासात सांगतो. प्रत्यक्षात अभंगातला मळा दोन्ही व्रतांच्या पंक्तीला बसू शकत नाही. ही विसंगती सावतोबांची नव्हे. त्यांनी कोणते खावे आणि कोणते टाकावे हे सांगितलेच नाही. जे पिकवतो त्यात तो आहे, इतके म्हटले. पिकवणारा माणूस पदार्थांत सोवळेओवळे करीत नाही, कारण वाफ्याला पाणी देताना कांद्याला निराळे पाणी देता येत नाही.

आणखी एक. विहीर म्हणजे काय? आमच्या बाजूला पाऊस वर्षाला साधारण वीस-बावीस इंच, तोही लहरी. मृगाने पाठ फिरवायची आणि हस्ताने एका रात्रीत ओढे भरायचे. अशा मुलखात विहीर खणणे म्हणजे ऋतूशी केलेले भांडण. ऋतू जे देत नाही ते मी जमिनीखालून काढीन, ही ईर्ष्या तिच्यात आहे. तेव्हा सावतोबांना ऋतूप्रमाणे जगण्याचा आदर्श म्हणायचे असेल तर त्यांची विहीर आधी बुजवावी लागेल. ऋतूप्रमाणे खाणारा खरा माणूस मळेवाला नव्हे, जिरायतवाला. आणि त्याच्यावर अभंग फारसे झाले नाहीत.

या जिरायतवाल्याचे वर्ष कसे होते ते पाहण्यासारखे आहे. हस्ताच्या आगेमागे काळ्या रानात जोंधळा पेरायचा. पुढे पाऊस पडला नाही तरी चालेल. काळी माती पोटात ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर, थंडीच्या दवावर, पीक वर येते. सोलापूरची ती प्रसिद्ध मालदांडी. मोहोळच्या शेतकी संशोधन केंद्रावर निवडलेला तिचा 'मोहोळ ३५-१' हा वाण नव्वद वर्षे होत आली तरी रानात टिकून आहे. पौषात दाणा दुधात आला की हुरडा. शेतातच आगटी पेटवायची, कणसे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत खुपसायची, हातावर चोळायची. सोबत शेंगांची चटणी, गूळ, असल्यास दही. सुरती, गूळभेंडी अशी हुरड्याची खास जोंधळी निराळी. दाणा दुधात असतो तो दोनतीन आठवडे. नंतर तो ज्वारी होतो आणि वर्षभर भेटत नाही. ऋतूतले खाणे म्हणजे काय ते मला विचाराल तर मी हुरड्याकडे बोट दाखवीन. ते साठवता येत नाही, लांब पाठवता येत नाही, पिकापाशी चालत जावे लागते. हल्ली शहरातली मंडळी तिकीट काढून हुरडा खायला येतात. येईनात का! उन्हात बसतात, बोटे भाजून घेतात, हे काही वाईट नाही.

मार्गशीर्ष-पौषात हरभऱ्याचा कोवळा पाला, करडईची पाने, चाकवत, मेथी, आणि जोंधळ्याच्या सऱ्यांत आपोआप उगवणारी पाथरी. पाथरी धुऊन कच्चीच भाकरीबरोबर खायची. भोगीला या साऱ्यांची एक भाजी आणि तिळाची बाजरीची भाकरी. संक्रांतीला बोरे, ऊस, हरभऱ्याचे घाटे यांनी मुलांना बोरन्हाण. करकंब-मोडनिंबच्या बाजूला बोरांच्या बागा पुष्कळ. पण बांधावरच्या गावरान बोरीची आंबटगोड चव त्या मोठ्या बोराला नाही, असे म्हणणारे म्हातारे अजून आहेत आणि मी त्यांच्या पक्षाचा आहे. इथवर वर्ष सुंदर चालते. मग चैत्र-वैशाख येतो आणि उपदेशकाचे व्याख्यान तिथे संपलेले असते. उन्हाळ्यात या ऋतुवादी माणसाच्या ताटात काय असे? वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला, सांडगे, पिठले, हुलग्याचे माडगे, कारळ्याची नाही तर जवसाची चटणी. ज्येष्ठात तेही आटे. आणि ज्या वर्षी हस्त चुके त्या वर्षी पुढला हुरडा नाही, भाकरी नाही, काहीच नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने हा मुलूख जसा उजाड केला तसा १९७२ च्या दुष्काळाने केला नाही, कारण तोवर रोजगाराची कामे निघाली, परदेशची तांबडी मिलो ज्वारी आली, सुकडी आली. म्हणजे माणसे वाचली ती ऋतूवर न विसंबल्यामुळे वाचली. ज्या पिढीने मिलोच्या भाकरी खाल्ल्या, तिला "ऋतूने दिले तेवढेच खा" असे सांगताना आवाज थोडा खाली असावा.

आपल्या ललित वाङ्मयाने या बाबतीत आपल्याला थोडे फसवले आहे, असे मला वाटते. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. बारा महिन्यांवरचे ते लेख मराठीत सृष्टी पाहण्याचा एक नवा डोळा घेऊन आले, याबद्दल दुमत नाही. पण तो डोळा आहे. रंग, पालवी, आभाळ, गंध यांचे ते पुस्तक आहे. त्यात पोट क्वचित बोलते. गंमत अशी की याच दुर्गाबाईंनी 'खमंग' नावाचे खाण्यावरचे पुस्तकही लिहिले, आणि दोन्ही पुस्तके आपण निराळ्या कपाटांत ठेवतो. ऋतू दिवाणखान्यात आणि पदार्थ स्वयंपाकघरात! पाकपुस्तकांनीही हेच केले. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० सालच्या 'गृहिणीमित्रा'त एक हजार पाकक्रिया. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या 'रुचिरे'ने तर दोन पिढ्यांचे संसार मार्गी लावले. पण आपण पाकपुस्तक उघडतो ते पदार्थाचे नाव शोधत. महिना शोधत कोणी उघडत नाही. पंचांग आणि पाककृती एकत्र बांधलेले पुस्तक कोणी काढील तर मी ते पहिल्या दिवशी विकत घेईन.

बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली छापून आली, तेव्हा सृष्टी आणि पोट पुन्हा एका जागी आले. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी असे एकेक काम तिने गायले. तिच्याकडे ऋतू येतो तो कामाच्या रूपाने. म्हणून सावतोबांची थेट वारस शोधायची तर मी खानदेशात जाईन. दोघांच्याही कवितेत अवजारे आहेत.

आणि ज्या जेवणावर गाणी झालीच नाहीत त्याचे काय? शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक लिहिले. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतले जेवण त्यांनी जसेच्या तसे नोंदवले. त्यात मांस आहे, आणि ते का खावे लागले, कोणाच्या वाट्याला कोणता भाग येई, हेही आहे. पण पुस्तक उघडताना ज्यांची अपेक्षा केवळ मांसाची असते त्यांना आश्चर्य वाटेल इतका पाला त्यात आहे. तेल नाही, मसाला नाही, रानातून खुडून आणलेली भाजी आणि मीठमिरची. आजचा आहारशास्त्री जे ताट आदर्श म्हणून रंगवतो, ते ताट या माणसांनी पिढ्यानपिढ्या खाल्ले आणि त्याला दारिद्र्य हे एकच नाव होते. पुस्तकाच्या नावातले ते 'अपूर्ण' मला फार महत्त्वाचे वाटते. झाडापाल्याच्या जेवणावर जो कोणी यापुढे मराठीत लिहील त्याने हे पुस्तक ओलांडून जाऊ नये.

या सगळ्यावरून माझा त्या उपदेशालाच विरोध आहे असे कोणी समजेल. तसे नाही. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले आणि पुढे मोठ्या आजारात शेळीचे दूध घेतले; व्रताचे अक्षर राखले पण आत्मा दुखावला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. १९४६ साली त्यांनी पुणे-सोलापूर रस्त्यावरच उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू केले, ते श्रीमंतांच्या हौसेसाठी नव्हे. खेड्यातल्या गरिबाला औषधाविना बरे होता यावे म्हणून. असा, स्वतःची उलटतपासणी घेणारा उपदेशक असेल तर त्याच्या समोर मी मांडी घालून बसेन.

आणि उपदेश आज आमच्याच गावाला अधिक लागू आहे, हेही कबूल केले पाहिजे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, कालव्यांनी आणि नदीकाठच्या उपशाने पाणी आले, आणि या मुलखाचे दैन्य फिटले. पण पाण्याबरोबर ऊस आला. ऊस ऋतू जाणत नाही. आडसाली लावण पावसाळ्यात केली तर तोड दीड वर्षाने, मध्ये सगळे ऋतू त्याच्या अंगावरून जातात आणि पानाचा रंगही फारसा बदलत नाही. उसाच्या फडात पाथरी उगवत नाही, हरभऱ्याचा पाला खुडायला कोणी जात नाही. करकंबच्या आठवड्याच्या बाजारात बाराही महिने टोमॅटो, फ्लॉवर, कोबी, ढोबळी मिरची यांचे ढीग असतात. मागल्या पौषात भाजी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारले, "मावशी, पाथरी न्हाई आणली?" त्या म्हणाल्या, "कुठली पाथरी, दादा! रानात औषध मारत्यात की आता. तण म्हनून जळून जातीया ती." एवढे बोलून त्यांनी माझ्या पिशवीत शेपूची एक जुडी जास्त टाकली. पाथरीला तण म्हणणे ही भाषेतली केवढी मोठी घटना आहे, याची नोंद कोणत्याही शब्दकोशात होणार नाही. जे खात होतो त्याला भाजी म्हणत होतो. खाणे सुटले आणि तिचे नाव तण झाले. नव्या उपदेशाने काही करायचे असेल तर हे नाव परत फिरवावे. त्याला व्याख्यान लागत नाही. पाथरी कोणी मागितली तर ती आणणारी मावशी अजून बाजारात बसते आहे. आणि मालदांडी जोंधळ्याला गेल्या काही वर्षांत गव्हाहून चढा भाव मिळू लागला, तेव्हा दोनचार एकर रान पुन्हा जोंधळ्याखाली घालणारे शेतकरीही मी पाहिले आहेत.

आता मिरचीचे सांगतो. लेखाच्या मथळ्यात तिला बसवून मी तिला इतका वेळ ताटकळत ठेवले.

सावतोबांच्या त्या अभंगात कोथिंबिरीच्या पंक्तीला मिरची आहे. सावतोबा वारले १२९५ साली. मिरचीचे रोप अमेरिका खंडातले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला त्यानंतर केव्हातरी पोर्तुगीज गलबतांतून ते या देशात आले. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटासाठी मिरे होते, आणि मिरचीला नाव मिळाले तेही मिऱ्यावरूनच. विठ्ठलाचेच भक्त असलेले कन्नड संत पुरंदरदास सोळाव्या शतकातले. त्यांच्या नावावर मिरचीवरचे एक पद सांगतात, तिथे ते काळाला धरून तरी आहे. पण सावतोबांच्या मळ्यात मिरची यावी कशी? अभंगातली मिरची म्हणजे मिरेच, असे म्हणून सुटका करून घेता येईल. मात्र मिऱ्याचा वेल माढ्याच्या काळ्या रानात येत नाही, आणि हा अभंग दुकानातल्या वाणसामानाचा नाही, वाफ्यातल्या पिकाचा आहे.

पाठचिकित्सा करणारा पंडित इथे लेखणी उचलून लिहील : प्रक्षिप्त. कदाचित तो बरोबरही असेल, आणि कदाचित संशय एका शब्दापुरता न ठेवता अख्ख्या अभंगावर घेईल. मला त्या एका शब्दात निराळे दिसते. अभंग पोथीत बांधून राहिला असता तर त्यात मिरची शिरली नसती. तो मोटेवर गायला जात होता. अरणच्या, भेंडच्या, करकंबच्या कोणा माळ्याने मिरचीचे ते परदेशी रोप पहिल्यांदा आपल्या वाफ्यात लावले, ते धरले, लाल झाले, त्याच्या घरातल्यांनी ते तोंडी लावले. आणि पुढल्या खेपेला मोट हाकताना अभंग म्हणताना त्याला ती मिरची वगळवेना. विठाई जर मळाभर आहे तर या नव्या पाहुणीत का नाही? त्याने तिला आत घेतली. छंद मोडला नाही, देव रागावला नाही, आणि पुढच्या कोणालाही ती तिथे उपरी वाटली नाही. सावतोबांच्या विचाराला धरूनच त्याने हे केले. ज्याचे मूळ शोधत बसलो तर आपले ताट रिकामे होईल, अशा कितीतरी वस्तू याच वाटेने आपल्या झाल्या आहेत. पण आत घेण्यासाठी त्याने आधी ती लावली, तिला पाणी दिले.

उसाला मात्र तिथे जागा मिळाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. तो काही नवा नव्हे. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी त्याच काळात त्याचा दृष्टान्त घेतला आहे. आज अरणपासून करकंबपर्यंत तोच सगळीकडे उभा आहे, भजनेही गावोगाव चालू आहेत. तरी सावतोबांच्या अभंगात कोणी ऊस घातल्याचे मी आजवर ऐकले नाही.